यशूनं सोडलेलं कबुतर

१० नोव्हें., रविवार

काल यशूला अकरा पूर्ण झाली. वर्गातल्या नऊ मुली बोलावल्या होत्या, आठ आल्या. केक, चिवडा, कागदी टोप्या, फुगे. सगळं होतं, फक्त जिचा वाढदिवस ती नव्हती. पहिला फुगा फुटला आणि पोरगी कानांवर हात ठेवून पसार. अर्ध्या तासानं सापडली गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं. खाली आठजणी केक खाऊन एकमेकींचे फोटो काढत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, यशूला बोलता येत न्हाई का?"

येतं गं बाई. तुझ्याशी येत नाही, एवढंच. (हे मनात. तोंडानं हसले.)

सगळ्या गेल्यावर यशू दिवसभरातलं एकच वाक्य बोलली. "सव्वीस गेली. पंचवीस आली." मला वाटलं मुली मोजतेय. पण आठच तर होत्या!

नवरा म्हणाला, "झालं का समाधान? मी बोललो व्हतो, पार्टी करून मैत्रीण मिळत न्हाई म्हणून." बोललो होतो, बोललो होतो. करत काहीच नाहीत, बोललेले मात्र असतात. (यापुढे नुसतं दि. लिहिणार. दिलीप लिहायला शाई कशाला घालवू.)

१२ नोव्हें., मंगळ.

उलगडा झाला. कबुतरं!

मॉर्निंग ड्यूटी करून आले तर ही पुन्हा टाकीमागं. मीही जाऊन बसले शेजारी. मागच्या गल्लीत तीन घरं सोडून एक गच्ची आहे, त्यावर कबुतरांना उतरायला बांबूची छत्री उभी केलेली. तिथून कबुतरं उडतात, वर घिरट्या घालतात, परत उतरतात. चौदा वर्षं या घरात राहते, मी कधी मान वर केली नाही.

गंमत म्हणून विचारलं, ते कुठलं गं? म्हणाली, "सातवं. डाव्या पंखात दोन काळी. उशिरा उतरतं." आणि ते? "अकरावं." आणि ते? तेही सांगितलं. वीस विचारली, वीस सांगितली. मला तर सगळी एका आईची लेकरं दिसतात. दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यावर बोट ठेवलं, फसवायला. "सातवं. सांगितलं की."

 मी नर्स आहे, रोज पन्नास माणसं बघते, संध्याकाळी दोघांची तोंडं आठवत नाहीत.

१४ नोव्हें., गुरु.

सोलापूरचे डॉक्टर ऑगस्टमध्ये म्हणाले होते, "तिला मैत्रिणी आणून देऊ नका. तिला जे आवडतं ते आवडणारी माणसं शोधा, बाकी ती बघून घेईल." तेव्हा वाटलं, पुढचा पेशंट आत घ्यायचाय म्हणून काहीतरी सांगतायत. शिवाय फाईलवर 'स्वमग्नता' लिहिलेलं. त्या शब्दाचा मला राग आहे. ही स्वतःत कुठं मग्न आहे? ही त्या सातव्यात मग्न आहे.

पण कबुतरं आवडणारी मुलगी बसवकल्याणात शोधायची कुठं? वॉर्डात विषय काढला. सगळ्या हसल्या. सुरेखा सिस्टर म्हणाली, "कबुतरबाज म्हंजी वाया गेलेली मान्सं बघ. पोरीला कामून त्या नादाला लावायलीस? भरतकाम लाव." गेल्या वर्षी भरतकाम लावलं होतं. सुईचं टोक चादरीत बरोबर एका रेषेत घालत बसली, दोरा न ओवता. तीन तास.

१७ नोव्हें., रविवार

आज जीव जायची वेळ होती. 

चारला धुणं वाळत घालून खाली आले तर यशू घरात नाही. गच्चीवर नाही. गल्लीत नाही. दि. मोटरसायकलवर बसस्टँडकडे, मी पायात चप्पल नसताना किल्ल्याच्या रस्त्यानं. वाटेत दोन विहिरी. दोन्हींत वाकून बघितलं. कुठल्याही आईनं हे लिहू नये, पण बघितलं.

पाऊण तासानं शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, "तुझी पोरगी त्या कबुतरवाल्या हमीदच्या गच्चीवर बसलीय की."

चढले. तिथं यशू मांडी घालून, तिच्या शेजारी ओढणी घेतलेली तिच्याएवढीच एक मुलगी, दोघींत वीतभर अंतर, दोघींच्या माना वर. बोलणं नाही. कोपऱ्यात खुराड्यापाशी एक म्हातारा दाणे निवडतोय. मी काही बघितलं नाही, विचारलं नाही, जाऊन यशूच्या एक ठेवून दिली. सगळ्यांसमोर. आजवर कधी हात उगारला नव्हता.

म्हातारा उठला. "बाई, मारो नक्को. बच्ची कब्तर के वास्ते आई. मैं समझ्या आपको मालूम हुंगा."

चढताना माझ्या डोक्यात त्या म्हाताऱ्याबद्दल काय काय येऊन गेलं ते इथं लिहीत नाही. आईच्या डोक्यात ते यायलाच पाहिजे. पण आलं ते किती पटकन आलं, त्याचा धक्का आहे.

ती मुलगी म्हणजे अफरोज, त्यांची नात. बारा वर्षांची. यशूच्या गालाकडे बघत मला म्हणाली, "आंटी, इसकु सब कब्तर पहचानते आता. दादा कू भी नै आता इत्ता."

मग यशू त्या म्हाताऱ्याला, हमीद चाचांना, म्हणाली, "सव्विसावं तिकडं हाय." बोट थेट रस्त्यापलीकडं, कल्लप्पा अण्णांच्या पिठाच्या गिरणीवर. त्यांचाही कबुतरांचा थवा आहे. चाचा हसले. "हौ बेटा, मालूम है. मेरा कब्तर उनके छत पो उतऱ्या, अब उनका. पकड्या सो अपना. ऐसाच खेल है."

"परत कधी?"

"वापस नै देते बेटा. मांगते भी नै."

 मी तिला हाताला धरून आणलं. रस्त्यात तिनं गाल चोळला, रडली नाही. मी रडले.

२० नोव्हें., बुध.

डॉक्टरांचं ऐकून बघायचं ठरवलं. रोज साडेचार ते सहा चाचांच्या गच्चीवर. मीही सोबत. पहिला दिवस पहारेकऱ्यासारखी बसले, आता लसूण सोलायला नेते. चाचा पूर्वी वेल्डिंग करायचे, आता डोळे अधू. खालून आकाशात बघतात ते अंदाजानं. यशू शेजारी उभी राहून सांगते, "नववं मागं पडलं. तिसरं वळलं." चाचा शिट्टी घालतात. दोघांचा धंदा जमलाय!

अफरोज उर्दू शाळेत सातवीत. एकदा सुरू झाली की थांबत नाही, यशू ऐकते की नाही याची फिकीर नाही. यशू उत्तर देत नाही, त्याचंही अफरोजला काही नाही. मी विचारलं, शाळेत मैत्रिणी? "मेरेकु कब्तरवाली बोलते आंटी. बास आती बोलके बाजू कू नै बैठते." सांगताना हसत होती.

घरी येऊन दि.ला सांगितलं.  मग म्हणाले, "त्या पोरीला जेवायला बोलाव की एकदा."

२६ नोव्हें., मंगळ.

यशू हसली. मोठ्यांदा. आवाज काढून.

काय झालं ते साधंच. एक कबुतर अफरोजच्या डोक्यावर बसलं आणि जे करायचं ते करून गेलं. अफरोज ओरडायला लागली आणि यशू हसायला. असा आवाज तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं माहीत नव्हतं. दाणे हातात तसेच राहिले. चाचा म्हणाले, "क्या हुआ बाई?" काही नाही म्हटलं.

जेवताना स्वतःहून: "अफरोज उद्या साडेचार." कुणाचंही नाव पहिल्यांदा. मला आई म्हणते ते सोडून.

२ डिसें., सोम.

आजपासून मी जात नाही. चाचांनीच सांगितलं, "आप बैठे तो बच्च्या खुल के नै खेलते." मी बसते म्हणून! बरं. गच्चीवरून बघते.

६ डिसें., शुक्र.

सकाळी विहारात वंदना. संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन पुतळ्यापर्यंत. दरवर्षी यशूला घरी ठेवतो, एकजण थांबतो, स्पीकरचा आवाज तिला झेपत नाही. यंदा अफरोजनं विचारलं, "मैं आऊं देखने कू?" तर यशू चपला घालून दारात उभी.

पूर्ण रस्ता अफरोजच्या ओढणीचं टोक मुठीत. स्पीकरपाशी आलो तशी अफरोजनं मागून दोन्ही तळहात तिच्या कानांवर दाबून धरले आणि तशीच चालत राहिली, तिच्या मागं, पावलात पाऊल टाकत. मेणबत्ती माझ्याकडं दिली. कुणी शिकवलं या पोरीला? आम्हाला तीन डॉक्टर लागले हे कळायला.

दि.नी तोंड फिरवलं. धूर गेला म्हणे डोळ्यांत.

८ डिसें., रविवार

चाचांच्या गच्चीवर आज जणू ईद. दुपारी आभाळात दोन थवे भिडले, चाचांचा आणि कल्लप्पा अण्णांचा, आणि चाचांच्या थव्यानं पलीकडचं एक कबुतर फोडून आणलं. पांढरंशुभ्र, डोक्यावर तपकिरी डाग. छत्रीवर उतरलं तसं चाचांनी जाळी टाकली. तरुण झाल्यासारखे नाचत होते. गल्लीतली चार माणसं शाबासकी द्यायला वर आली. आमच्याकडं शिरा पाठवला.

नवं कबुतर लगेच उडवत नाहीत. पंखांची पिसं दोऱ्यानं बांधून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवतात, महिनाभर, जुनं घर विसरेपर्यंत. अफरोजनंच सांगितलं, मोठ्या कौतुकानं.

यशूनं शिरा खाल्ला नाही. मला वाटलं वेलदोडा लागला असेल दाताखाली.

९ डिसें., सोम.

सगळं संपलं.

सहाला अफरोज पळत आली, केस सुटलेले. "आंटी, यशू ने छोड दी! छोड दी कब्तर कू!" मागून चाचा.  यशू कधीच येऊन मोरीत हात धूत होती. तिच्या फ्रॉकच्या खिशात माझी कात्री, ड्यूटीच्या पिशवीतली, ड्रेसिंग कापायची. त्या कात्रीनं तिनं पंखांचा दोरा कापला, एकही पीस न दुखवता, पिंजऱ्याचं दार उघडलं, आणि कबुतर गेलं रस्त्यापलीकडं आपल्या घरी.

चाचा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. म्हणाले, "सिस्टर, सत्तर बरस का हूं. इस खेल में आज तक मैं किसी कू वापस नै दिया, किसी से मांग्या नै. अब गिरनी पो बोलते, हमीद डर के छोड दिया. बोलींगे. कल से बच्ची कू मत भेजो."

अफरोज यशूसमोर उभी राहिली. "तू चोर है." गेली.

मी यशूला विचारलं, कामून? कामून केलंस? तीनदा विचारलं, आवाज चढत गेला. ती स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

माझा तक्ता. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचा कंपास घरी घेऊन आली होती, तेव्हा मीच काढलेला, स्केचपेननं, चित्रांसकट. एक: दुसऱ्याची वस्तू घरी आणायची नाही. दोन: आणली तर परत द्यायची. तीन: कुणी बघत नसलं तरी द्यायची. खाली हसरा चेहरा. रोज सकाळी म्हणून घ्यायचे मी. म्हटल्याशिवाय दूध नाही.

मी तिथंच फरशीवर बसले. भात करपला. दि.नी येऊन गॅस बंद केला.

११ डिसें., बुध.

माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे. काल दिवसभर यशूकडून घोकून घेतलं, "चाचा माफ करा. मी चुकले." आरशासमोर. वीस वेळा. आज नेलं.

चाचा दारात. अफरोज आत, पडद्याआड, पाय दिसत होते. मी यशूला ढोसलं. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "कबुतर कल्लप्पा अण्णांचं होतं."

पुन्हा ढोसलं. "कबुतर कल्लप्पा अण्णांचं होतं." तिसऱ्यांदाही तेच, त्याच आवाजात, शाळेत प्रार्थना म्हणतात तसं. चाचांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळू लावलं.

घरापर्यंत तिला बडबडत आणलं. दोन शब्द बोलता येत न्हाईत का तुला? एक मैत्रीण मिळाली व्हती जन्मात, एक! दि. मुडबीच्या शाळेतली नोकरी करून तेवढ्यात आलेले, पिशवी खांद्यावरच. म्हणाले, "ती खरं बोलायलीय. तुला राग कामून यायलाय?"

खऱ्याला घेऊन काय करू? खऱ्याबरोबर साडेचार ते सहा खेळायला जाता येतं का?

१४ डिसें., शनि.

ओपीडीत कल्लप्पा अण्णा. बीपी बघायला म्हणून आले, हातात पेढ्याचा पुडा. "सिस्टर, तुमच्या पोरीनं माझं पाखरू घरला धाडलं. असं लेकरू बघितलं न्हाई मी. आमची नात हाय की भाग्या, दहा वर्षांची, तिलाबी पाखरांचा लई नाद. उद्या पाठवा आमच्याकडं. रोज पाठवा!"

बीपी थोडं जास्त होतं. माझंच जास्त असेल. मी लगेच हो म्हणाले. जीव भांड्यात पडला. एक दार लागलं, दुसरं उघडलं. पेढे वॉर्डात वाटले.

१५ डिसें., रविवार

लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते.

गिरणीवरची गच्ची मोठी, खुर्च्या, सावलीला पत्रा. भाग्या गोड पोरगी, यशूला "बा अक्का, बा" असं कानडीत ताई, ये म्हणत हाताला धरायला आली. यशूनं हात काढून घेतला, तर ती रागावली नाही. मला वाटलं, जमणार.

मग अण्णांनी यशूला पुढं घेतलं. समोर आभाळात चाचांचा थवा. "सांग बघू पोरी, त्यातलं थकणारं कोणतं?" यशू: "सातवं." "आन् सगळ्यात शेवटी कोण उतरतंय?" "सातवं. मग चौथं." "नवीन कोणतं, कच्चं?" "एकोणीस आणि वीस. पिल्लं." अण्णांचा माणूस शेजारी उभा राहून डोळे बारीक करून बघतोय, बोटानं हेरतोय. मी खुर्चीत बसून कौतुकानं हसत होते. माझी पोरगी बघा, कशी पटपटा सांगते!

किती वेळ लागला मला? यशूला विचारलं की ती सांगते. लपवणं तिला येत नाही. आणि तिला तिथं बोलावलं होतं ते नेमकं तेवढ्यासाठी. थकणारं कबुतर पळवायला सोपं. समोरच्या गच्चीवर अफरोज उभी होती. बघत होती. आपल्या दादाच्या थव्यातलं थकणारं कबुतर कोणतं ते यशू बोट करून दाखवतेय, हे तिनं बघितलं.

उठले. "चल यशू." पण यशू पिंजऱ्यांपाशी गेली होती. सव्विसावं तिथंच होतं, चाचांचं. "हे चाचांचं," म्हणाली. सगळे हसले. अण्णा म्हणाले, "होतं बाळा, होतं." तिचा हात कडीवर गेला. मी झेप घेऊन तिचं मनगट धरलं.

जिना उतरताना ती माझ्याकडं बघत होती, जे ती सहसा करत नाही. सरळ डोळ्यांत. मी तिचा हात धरला होता आणि तिचंच बरोबर होतं, हे तिला माहीत, मला माहीत. काय सांगणार होते मी? तक्त्यात चौथी ओळ घालू का, की काही ठिकाणी हे चालत नाही, कुठल्या ठिकाणी ते आईला विचार?

१७ डिसें., मंगळ.

तक्ता काढायला गेले. यशूनं हात धरला. राहू दिला.

ती पुन्हा टाकीमागं बसते. तिकडं अफरोज गच्चीवर येते, ही दिसली की पाठ करते. चाचांनी सातवं उडवणं बंद केलंय. काय समजायचं ते समजले असतील.

अण्णांचा निरोप आला, पोरीला का पाठवत नाही. ताप आहे म्हणून सांगितलं. खोटं. यशू ऐकत होती. "मला ताप न्हाई," म्हणाली, निरोप आणणाऱ्या बाईसमोरच. बाई माझ्याकडं बघत राहिली.

१९ डिसें., गुरु.

आज ठरवून चाचांकडं गेले, एकटी. यशूला न सांगता. अण्णांच्या गच्चीवर काय घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या खुर्चीतल्या हसण्यासकट. म्हटलं, पोरीचा दोष नाही, मी नेलं होतं.

चाचा दाणे निवडत होते. तसेच निवडत म्हणाले, "मेरेकु मालूम है. उने पूछे सो बोलती. मैं पूछ्या तब मेरेकु बोली ना." मग, "गिरनी पो जा के मेरा कब्तर भी छोडने गई थी, सुन्या मैं. सच्ची क्या?"

सच्ची म्हटलं.

हसले की खोकले, कळलं नाही. "पागल है पोरी." एवढंच. ये म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. अफरोज आत होती. चहा तिनंच आणला, माझ्याकडं न बघता ठेवला.

दि.ला सांगितलं. म्हणाले, "तू जाऊन आलीस ते बरं केलंस." लग्नाला चौदा वर्षं झाली, बरं केलंस म्हणायची ही दुसरी वेळ. पहिली वेळ आठवत नाही.

२२ डिसें., रविवार

साडेतीनच्या सुमाराला दार वाजलं. अफरोज. एकटी.

पाणी दिलं, प्यायली नाही. यशू आतल्या दाराला टेकून, नजर अफरोजच्या चपलांवर. मीच मध्ये तोंड घातलं, "यशू, सांग अफरोजला, माफ—"

अफरोजनं हातानं मला थांबवलं. बारा वर्षांची पोर! "आंटी, माफी नक्को बुलवाओ. आप सिखाए सो बोलींगी उने. मेरेकु वो नै होना."



मग यशूला म्हणाली, "दादा आने बोले. पन पकडे सो कब्तर कू हात नै लगाना. बस, इत्ताच. हौ बोल."

हो म्हण. यशू, हो म्हण. मी अफरोजच्या पाठीमागं उभी राहून मान हलवून दाखवत होते, तान्ह्या लेकराला घास भरवताना आपण स्वतःच आ करतो तशी.

यशूनं विचारलं, "पुन्हा धरणार?"

"आया तो पकडींगे. खेल है ना वो."

 यशूची नजर पुन्हा चपलांवर गेली. नाही म्हणत नव्हती ती, उत्तर शोधत होती. 

"मला यायचंय," म्हणाली. "पण मी सोडणार."

"फिर दादा आने नै देते यशू."

"माहीत हाय."

 मला यायचंय, हे वाक्य या पोरीच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. शाळेला, लग्नाला, जत्रेला, आजोळी, कुठंही. पहिल्यांदा निघालं आणि त्याच दमात तिनं स्वतःच दार लावून घेतलं. खोटं एक शब्दाचं होतं. कुणीही बोललं असतं, मी तर दिवसात चार बोलते. माझ्या जिभेवर आलंच होतं, न्हाई सोडणार गं ती, मी बघते, मी समजावते. तोंड उघडलंही. दोघींकडं बघितलं आणि मिटलं.

अफरोज रागावली नव्हती. नखानं चौकटीचा रंग खरवडत उभी राहिली. मग म्हणाली, "मैं दादा कू ऐसाच जा के बोलती. तू बोली वैसाच." आणि गेली. पळत नाही, चालत.

यशू विचारते, अफरोज कधी सांगणार? मला माहीत नाही म्हटलं. हे खरं होतं, म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही. 

यशू उंबऱ्यावर बसलीय, गल्लीकडं तोंड करून. मी तिला आत बोलावलं नाही.